पाणी कुठवर आलं होतं, ते भिंतीवर लिहा

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
आणि
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

पत्र दोघांना मिळून एकच लिहितो आहे, कारण तुमच्या हद्दी वेगळ्या असल्या तरी खाडी एकच आहे. मागणीही एकच. आपल्या दोन्ही शहरांत जिथे जिथे पाणी भरलं आहे, तिथे ते किती उंचीपर्यंत चढलं होतं याची खूण भिंतीवर किंवा खांबावर कायमची करा. आडवी रेघ, तारीख आणि फूट-इंच. बस.

नालेसफाई, पंप, अतिक्रमणं यांवर तुम्हाला रोज पत्रं येत असतील. हे त्यातलं नाही. मी निवृत्त भूमापक आहे, राहायला नौपाड्यात. लेव्हल घेणं, म्हणजे जमिनीची उंची मोजणं, हे माझं पोटापाण्याचं काम होतं. त्यामुळे कुणी पावसाची गोष्ट सांगायला लागलं की मला आधी उंची विचारावीशी वाटते, आणि तिथेच आपल्याकडची गोष्ट अडते.

‘सव्वीस जुलै’ म्हटलं की ठाण्यात साल सांगावं लागत नाही. २००५ च्या त्या मंगळवारी कोण कुठे होतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी कुर्ल्याहून रुळांवरून चालत आलं, कुणी ऑफिसातल्या टेबलावर रात्र काढली, कुणाच्या घरी अनोळखी माणसं मुक्कामाला राहिली. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लोकलमध्ये विषय निघायचा अवकाश, तास सहज जातो. ज्यांचा जन्मच नंतरचा, त्यांनाही घरच्यांकडून ऐकून सगळं पाठ आहे. पंचांग पाहणारी मंडळी सांगतात की तेव्हा पुष्य नक्षत्र चालू होतं, म्हणजे म्हातारा पाऊस. तरण्याला, म्हणजे आधीच्या पुनर्वसूच्या पावसाला, जमलं नाही ते म्हाताऱ्याने करून दाखवलं. मला हे ऐकायला आवडतं, मीही सांगतो. पण पाणी किती होतं? ‘छातीएवढं.’ कुणाच्या छातीएवढं? सांगणारा आज साडेपाच फुटांचा आहे. तेव्हा तो सहावीत होता, हे तो विसरलेला असतो.

घोटा, पोटरी, गुडघा, कंबर, छाती, गळा ही आपली मोजपट्टी. ती माणसागणिक वेगळी आणि दर सांगण्याला थोडी वर सरकणारी. एका चाळीत वाढलेल्या दोन सख्ख्या भावांना वेगवेगळं बसवून विचारा, फूटभराचा तरी फरक निघतो. थोरला नेहमी जास्त सांगतो.

आकडा विचारला तर मात्र सगळे एकसुरात उत्तर देतात: ९४४ मिलिमीटर. हा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेलेला पाऊस होता ७३ मिलिमीटर. दोन्हींमध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटरचं अंतर, तेही एकाच शहराच्या पोटात. मग नौपाड्यातला, कळव्यातला, तुर्भ्यातला माणूस जो ९४४ चा आकडा छाती पुढे काढून सांगतो, तो त्याच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचा नाहीच. आपल्या आठवणीवर सांताक्रूझचं लेबल लागलंय आणि आपण ते वीस वर्षं मिरवतोय.

आता परिस्थिती बदलली आहे, हे मान्य. नवी मुंबईत पालिका बेलापूर, नेरुळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा असा विभागवार पाऊस जाहीर करते. चांगलं आहे. पण किती पडला हा एक प्रश्न आणि किती साचलं हा दुसरा. शंभर मिलिमीटर पाऊस ओहोटीत पडला तर तासा-दोन तासांत वाहून जातो. तोच उधाणाच्या भरतीत पडला तर खाडी त्याला आत घेत नाही आणि तो तुमच्या-आमच्या तळमजल्यात बसतो. २६ जुलैला दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, हे विसरून चालत नाही. कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात जाऊन पावसाचा विषय काढलात, तर तुम्हाला आधी उधाण होतं की भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, होता ते विचारतील आणि मग पुढे बोलतील. वेधशाळेचा इशारा आणि भरतीची वेळ एकत्र वाचायची सवय त्यांना आहे. बाकी आम्ही ‘रेड अलर्ट आहे म्हणजे उद्या कडकडीत ऊन’ असे विनोद फिरवत बसतो.

कोल्हापूर-सांगलीकडे बघा. तिथला माणूस पुराबद्दल बोलतो तो थेट फुटांत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांना धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेला ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ ला ५३ च्या वर होतं, आणि हे आकडे रिक्षावालाही सांगतो. त्याचा उपयोग काय? पाणी ४८ झालं म्हटल्यावर कुठल्या गल्लीतलं कुठलं घर आता सामान वर चढवणार, हे घरातल्या आजीलाही कळतं. तिथे पुलावर पट्टी रंगवलेली आहे, म्हणून लोकांच्या बोलण्यात माप आलं. आपण काही त्यांच्यापेक्षा विसरभोळे नाही. आपल्याकडे पट्टीच नाही. नदीकाठच्या गावांसाठी पाटबंधारे खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा चिखलवाडीत तुंबणाऱ्या पाण्याला कुठली नदी? तिथे नाला, खाडी आणि आकाश हे तिघे मिळून काय करतील ते खरं.

नोंद नसली की काय होतं, याचा एक नमुना देतो. ‘१८८२ साली मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आलं, लाखभर माणसं मेली’ असा मजकूर तुम्हीही वाचला असेल. दर वादळाच्या वेळी तो कुठून तरी वर येतो. अभ्यासकांनी शोध घेतला, तर त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत असं वादळ सापडतच नाही. त्या मानाने लहान घटनांचीही नोंद ठेवणाऱ्या इंग्रजी अंमलात लाख माणसं मेली आणि कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, हे शक्यच नाही. दुसरीकडे, नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर खरोखर चक्रीवादळ आदळलं, ते मात्र आज ऐंशी-नव्वदीतल्या माणसांखेरीज कुणाच्या तोंडी नाही. खोटं जगलं, खरं विरलं. सव्वीस जुलैचं असं काही होणार नाही, ही खात्री कुणी द्यावी? आत्ताच दर जुलैत जुना व्हिडिओ ‘ठाण्यात आत्ता’ म्हणून फिरतो. व्हिडिओ आमच्याकडे ढिगाने आहेत. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढले गेले, ते सगळ्या देशाने पाहिलं. पण त्यातून रुळांवर पाणी किती फूट होतं ते आज कुणी बोट ठेवून दाखवेल का?

आता कामाचं सांगतो. लोकांकडून उंची काढायची असेल तर ‘पाणी किती होतं’ असं विचारूच नये. वस्तू विचाराव्यात. फ्रिज तरंगून आडवा पडला का? ओट्यावरच्या शेगडीवरून पाणी गेलं का, की ओटा कोरडा राहिला? खालचा स्विचबोर्ड बुडाला का? दाराबाहेरच्या स्कूटरची सीट दिसत होती का? जिन्याची कितवी पायरी शेवटची कोरडी होती? माणूस आपली छाती वाढवून सांगतो, पायरी वाढवून सांगायचं त्याला सुचत नाही. एका गल्लीत चार घरांतून अशी उत्तरं घेतली आणि पायऱ्या, ओटे, बोर्ड टेपने मोजले, की उत्तरं एकमेकांना येऊन मिळतात. दोन-तीन इंचांचा फरक राहतो, तो चालतो. दुकानदार तर फार पक्के साक्षीदार असतात. ज्याचा माल भिजलाय त्याला कुठल्या फळीपर्यंत भिजला ते मरेपर्यंत आठवतं. अजून काही दुकानांत सगळ्यात खालची फळी जून लागला की रिकामी होते, ती फळी मोजा. जुन्या सोसायट्यांची मीटरची खोली बघा. मीटर भिंतीवर इतके उंच का, रीडिंग घ्यायला स्टूल का लागतं, हे विचारलं की वॉचमन सांगेल: ‘तेव्हापासून वर चढवलेत.’ तो कदाचित तेव्हा इथे नव्हताच, पण त्याला ते सांगून ठेवलेलं असतं.

एक तांत्रिक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. नुसतं ‘जमिनीपासून चार फूट’ लिहून भागणार नाही. कुठली जमीन? ठाण्यातले रस्ते डांबराच्या थरावर थर चढून आणि नंतर काँक्रीट होऊन इतके वर आले आहेत, की जुन्या इमारतींत आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. २००५ ला जमिनीपासून चार फूट असलेली रेघ आज रस्त्यापासून तीन फुटांवर दिसेल, आणि पोरं म्हणतील, बाबा उगाच वाढवून सांगायचे. त्यामुळे प्रत्येक खुणेची उंची समुद्रसपाटीपासून काढून तीही खाली लिहावी लागेल. सर्वेक्षण खात्याचे बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणा, आहेत, तिथून लेव्हल आणायची. हे कुठल्याही पालिकेच्या अभियंत्याला नवीन नाही. फक्त एक जपावं. भरतीचे मीटर वेगळ्या शून्यापासून मोजलेले असतात, अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या. ४.४८ मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीच्या वर ४.४८ मीटर नव्हे. वर्तमानपत्रात हे दोन शून्य सर्रास एक केले जातात, आणि मग व्हॉट्सॲपवर ‘अमुक रस्ता पाण्याखाली जाणार’ असे नकाशे निघतात. पालिकेच्या पाटीवर तरी तो घोळ नको.

घाई कशासाठी, असं वाटेल. पुनर्विकासासाठी. नौपाड्यात, पाचपाखाडीत, वाशीच्या जुन्या सेक्टरांत तीन-चार मजली इमारती रोज एकेक करून पडत आहेत. ज्या भिंतींवर ओल चढली होती, ज्या जिन्यावर लोक बसून राहिले होते, ज्या खोलीत कुणी पेन्सिलीने रेघ मारून ‘२६/७’ लिहिलं होतं, ते सगळं डंपरमध्ये भरून चाललंय. साक्ष देणारी माणसंही थकत आली. उभी राहते ती इमारत पोडियमची, भराव टाकून उंच घेतलेली. तिथे दलाल ग्राहकाला खिडकीतून बाहेर हात दाखवून सांगतो, ‘सव्वीस जुलैलासुद्धा इथे पाणी नव्हतं साहेब.’ हे वाक्य ठाण्यात आणि नवी मुंबईत घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ऐकलंय. खरं आहे ते! त्या दिवशी तिथे इमारतच नव्हती, शेत होतं किंवा खाजण होतं, आणि पाणी शेतातच होतं. आता भराव टाकल्यावर ते शेजारच्या बैठ्या चाळीत जातं. शेजारच्या चाळीची रेघ भिंतीवर असेल, तर घर घेणारा निदान एक प्रश्न जास्त विचारेल.

विरोध इथूनच होणार, हे मला ठाऊक आहे. ‘आमच्या गेटवर रेघ नको, फ्लॅटचे भाव पडतील.’ सोसायटीच्या कमिटीत मीही बसलोय, तिथे भाव हा शब्द निघाला की चहा थंड होतो. त्यांना एवढंच सांगावं, की पुण्यात पानशेतच्या पुराच्या, १२ जुलै १९६१ च्या खुणा पेठांमध्ये काही ठिकाणी आहेत, आणि पेठांतले भाव काही पाण्यात गेले नाहीत. उलट पुण्यातली नवी पिढी त्या खुणेखाली उभी राहून मान वर करते आणि आजोबांचं बोलणं पहिल्यांदा खरं मानते. तरीही खासगी भिंतीचा हट्ट धरू नका. पालिकेच्या शाळा, प्रभाग कार्यालयं, पंपहाऊस, पुलांचे कठडे, रस्त्यावरचे दिव्याचे खांब हे सगळं तुमच्याच मालकीचं आहे. तिथून सुरुवात केली तर कुणाची परवानगी लागत नाही.

नवी मुंबईच्या आयुक्तांना थोडं वेगळं सांगायचंय. तुमच्या शहरात ‘सिडकोने आखलेलं शहर आहे, इथे पाणी भरत नाही’ हे लोक अजूनही म्हणतात, एपीएमसीच्या घाऊक बाजारात गुडघाभर पाण्यातून भाजी आणून झाल्यावरसुद्धा म्हणतात. त्या म्हणण्यामागे एक खरं काम आहे, आणि ते लोकांना माहीत नाही. शहराचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीला झडपा आपोआप बंद होतात, खाडी आत येत नाही, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. पण गाळ साचला, वर तिवरं वाढली, तिवरांना कायद्याचं संरक्षण, त्यामुळे गाळ काढायला न्यायालयापर्यंत जावं लागतं. तलावाच्या पोटात आता पूर्वीइतकी जागा नाही. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईभोवती सकाळी किती माणसं चालतात! त्यांच्यातल्या बहुतेकांना ते शोभेचं तळं वाटतं, आपण धारण तलावाच्या काठाने फेऱ्या मारतोय हे ठाऊक नसतं. त्या ट्रॅकच्या बाजूने, सहज दिसेल अशी, पाण्यात एक रंगवलेली पट्टी उभी करा. इथवर आलं की तलाव भरला, इथवर आलं की अमुक सेक्टरमध्ये पाणी उलटं येणार. महिन्याभरात चालणारी मंडळी त्या पट्टीवर गप्पा मारायला लागतील. पैजाही लावतील, लावू द्या.

पाण्याची खूण करता येते, वाऱ्याची आणि उन्हाची करता येत नाही, म्हणून ती फारच लवकर विसरली जातात. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ लोकांना आठवतं, कारण त्याला नाव होतं. आपल्याकडे ते ‘हुकलं’ म्हणून आठवतं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपाऱ्या-नारळी आडव्या झाल्या ते आठवत नाही. त्याच वर्षी ५ ऑगस्टला, खाडीपलीकडे जेएनपीटी बंदरात तीन अवाढव्य क्रेन वाऱ्याने कोसळल्या, कुलाब्याला ताशी १०७ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. त्या दिवसाला नाव नव्हतं. आज तो कुणाला विचारून बघा.

आणि खारघर. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, आणि विदर्भातले पाहुणे अजून म्हणतात, ३८ ला कुठे माणूस मरतो, आमच्याकडे ४५ असतं. किनाऱ्यावर ते गणित लागू नाही. हवामान खातंही किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरवताना ३७ अंशांपासून विचार करतं, मैदानी भागात ४० पासून. आपल्या हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि माणूस उघड्यावर तासन्‌तास बसला की ३८ पुरतं. पालिकेच्या ज्या मैदानांवर मोठे कार्यक्रम होतात, तिथे तापमान आणि आर्द्रता दाखवणारा एक साधा फलक लावा, मंचावरून दिसेल असा. तो बघायचं काम आयोजकाचं, हे परवानगीच्या कागदावर लिहा. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहिवत नाही.

कामाची वेळ म्हणाल तर ऑक्टोबर सगळ्यात बरा. भिंती कोरड्या असतात आणि त्या वर्षाचं पाणी लोकांच्या ताजं लक्षात असतं, जुनंही त्याच्या ओघात आठवतं. एकेका प्रभागात एक अभियंता, एक लेव्हल (उंची घ्यायची दुर्बीण), एक स्टाफ (तिच्यासमोर उभी धरायची मापाची काठी) आणि बोलका एक शिपाई एवढं पुरेल. शिपाई बोलका हवा, अभियंता बोलका नसला तरी चालेल. पॉलिटेक्निकची मुलं स्टाफ धरायला आनंदाने येतील, त्यांना प्रॅक्टिकलचे गुण द्या. ऑइल पेंट दोन-चार पावसांत उडतो, म्हणून पत्र्याची नव्हे तर दगडाची किंवा स्टीलची छोटी पट्टी बसवा आणि तिच्यावर कोरून घ्या. खाली फोन नंबर, घोषवाक्य, कुणाच्या सौजन्याने वगैरे काही नको. रेघ जिथे अनुमानाने काढली असेल तिथे ‘अंदाजे’ लिहा, लोक रागावणार नाहीत. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या उंच्या मी वस्तू विचारून, मोजून, फील्ड बुकात लिहून ठेवल्या आहेत. कोण न्यायला येणार ते कळवा, झेरॉक्स काढून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त भूमापक
नौपाडा, ठाणे